मिठाचा खार आणि बिनगव्हाची पंगत

(प्रस्तावना)

ज्या पक्ष्याचे दर्शन राजूरच्या पंचक्रोशीत क्वचितच कोणास घडले असेल, त्याच्या पाकसिद्धीविषयी लिहिलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना राजूरहून जावी, हे वाचकांस प्रथमदर्शनी विलक्षण वाटण्याचा संभव आहे. जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे गाव ओळखले जाते ते गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ म्हणून. अंगारकीला जालन्याहून रातोरात पायी निघालेली माणसे दर्शनाच्या रांगेत उभी असतात, आणि त्या दिवशी घरोघर चूल पेटते ती साबुदाण्यासाठी आणि भगरीसाठी. अशा गावी बसून टर्की नावाच्या अमेरिकी पक्ष्यास मिठाच्या पाण्यात किती प्रहर बुडवावे याचा विचार करण्याचे प्रयोजन एवढेच, की ही पुस्तिका जिने सिद्ध केली ती माझी पुतणी याच गावात लहानाची मोठी झाली, विवाहानंतर अमेरिकेत न्यू जर्सी येथे स्थायिक झाली, आणि तिच्या मुलास गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे उद्भवणारा सिलिअक नावाचा आंत्रविकार असल्याचे निष्पन्न झाल्यापासून तिला आपल्या मुदपाकखान्याचा सगळा बंदोबस्त नव्याने करावा लागला. पुस्तिकेचे हस्तलिखित धाडताना तिने लिहिले होते, “काका, मिठाचे आणि ज्वारीचे चार शब्द तुम्ही लिहा, पक्ष्याचे मी पाहते.” तिने नेमून दिलेली ही वाटणी मला योग्य वाटते, कारण या पाककृतीतील पक्षी तेवढा परका आहे, परंतु त्यास रसाळ ठेवणारे मिठाचे शास्त्र आणि त्याच्यासोबत गव्हावाचून पंगत मांडण्याचे कसब ही दोन्ही आमच्या घरांत पूर्वापार नांदत आलेली आहेत, हेच मला या प्रस्तावनेत सांगावयाचे आहे.

प्रथम, हा पक्षी ज्या सणाला शिजतो त्या प्रसंगाविषयी. अमेरिकेतील आभारदिनाची राष्ट्रव्यापी घोषणा 1863 साली, यादवी युद्ध ऐन भरात असता, अध्यक्ष लिंकन यांनी केली, आणि 1941 साली कायद्याने तो नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी कायम झाला. सुगी घरात आल्यानंतरचा हा सण असल्यामुळे शेतकऱ्याच्या मनास तो सहज उमगतो. ज्या 1981 साली औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके काढून आमचा जालना जिल्हा निर्माण झाला, त्याच साली उत्तर अमेरिकेतील निरनिराळ्या महाराष्ट्र मंडळांचे मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. म्हणजे तिकडे मराठी संसार स्थिरावून आता चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे, आणि तेथे जन्मलेल्या मुलांच्या लेखी हा सण दिवाळीइतकाच घरचा आहे. एक अडचण मात्र आहे, आणि ती आमच्या पंचांगाने निर्माण केलेली आहे. हा गुरुवार काही वर्षी मार्गशीर्षात येतो. 2022 साली तर 24 नोव्हेंबर हा मार्गशीर्षाचा पहिलाच गुरुवार आणि तोच आभारदिन, असा योग जुळून आला होता. ज्या घरात त्या महिन्यात महालक्ष्मीच्या व्रताचा घट मांडला जातो व सामिष वर्ज्य असते, तेथे काय करावे? माझ्या पुतणीच्या घरी त्या वर्षी पक्षी मार्गशीर्षापूर्वीच्या शनिवारी शिजला, आणि गुरुवारी घट मांडला गेला. मला ही तजवीज फार समंजस वाटली; दोन्ही सणांचा मान राहिला आणि मुलांचे काहीच हिरावले गेले नाही.

पक्षी परका खरा, परंतु आपल्या मुलखाशी त्याचा परिचय वाटतो त्याहून पुष्कळ जुना आहे. त्याचे मूळ उत्तर अमेरिकेत. मेक्सिकोतील लोकांनी तो माणसाळवला, स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला, आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो गोव्यास उतरला. 1612 साली बादशहा जहांगीर याचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून ज्या दुर्मीळ चीजवस्तू घेऊन दरबारी गेला, त्यांत टर्कीचा एक नर होता. त्याच्या डोक्यावरील व गळ्यावरील मांसल झालरीचे रंग सरड्याप्रमाणे पालटतात याचे बादशहास एवढे नवल वाटले, की त्याने आपल्या रोजनिशीत त्याची सविस्तर नोंद केली आणि उस्ताद मन्सूर या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढविले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. झालरीची एकेक सुरकुती आणि पिसांवरील एकेक रेघ त्यात अशी काही उतरली आहे, की पक्षी कधीही न पाहिलेल्या माणसासही त्याची ओळख पटावी. मात्र त्यानंतर तो आपल्याकडे शोभेपुरताच राहिला. जालन्यानजीक रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविलेल्या बेथेलची ख्रिस्ती वस्ती प्रसिद्धच आहे, आणि स्वतः शेषाद्री 1873 सालच्या धर्मपरिषदेसाठी न्यूयॉर्कला जाऊन आलेले होते. तरी या भागातील मराठी ख्रिस्ती घरांतला नाताळ करंज्या, चकल्या आणि कोंबडी-मटणाच्या रश्शावरच साजरा होत आला.

आता मुख्य विषयाकडे वळतो. पाच-साडेपाच किलोंचा हा अखंड पक्षी भट्टीत भाजावयाचा म्हणजे त्याच्या देहाच्या दोन भागांचा मेळ घालावयाचा. मांड्यांचे मांस चरबीयुक्त व चिवट. ते मऊ होण्यास उष्णता अधिक लागते. छातीचे मांस जाड, पांढरे आणि जवळजवळ चरबीविरहित. ते त्याच्या किती तरी आधी शिजते, आणि मांड्या तयार होईपर्यंत त्यातील पाणी निघून जाऊन भुश्शासारखे होते. पक्षी नीट शिजल्याशिवाय खाणे तर धोक्याचे. सर्वांत जाड भागाचे तापमान 74 अंश सेल्सियसला पोहोचलेच पाहिजे. मग छातीचा ओलावा टिकावा कसा? याचे सर्वांत खात्रीचे उत्तर मीठ हे आहे.

येथे आमच्या घरातील कोणत्याही जाणत्या स्त्रीच्या मनात एक शंका येईल, आणि ती अत्यंत रास्त आहे. मीठ तर पाणी ओढून घेते. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून ठेवली, की घटका दोन घटकांत तळाशी खार सुटतो. कोकणात मासळी मीठ लावूनच सुकवितात. आणि मराठवाड्यातील ज्या समाजांच्या वाट्यास ताजे मांस रोज येत नसे, त्यांनी मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करून ठेवण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, जिची सविस्तर नोंद शाहू पाटोळे यांनी आपल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात केली आहे. ज्या मिठाने पदार्थ सुकतो, त्याच मिठाने पक्षी रसाळ कसा राहावा?

याचे रहस्य प्रमाणात आणि अवधीत आहे. मीठ पुष्कळ असेल आणि अवधी लांब असेल, तर ते पाणी ओढून काढते व पदार्थ टिकाऊ करते. परंतु पाणी भरपूर, त्यात मीठ शंभरास पाच-सहा भाग, आणि अवधी अर्ध्या दिवसाचा, अशी योजना केली तर प्रकार निराळा होतो. ते मीठ हळूहळू मांसात शिरते. त्यातील क्लोराइडचे कण स्नायूंच्या तंतूंना परस्परांपासून किंचित दूर लोटतात. तंतू फुगतात, त्यांच्यातील काही प्रथिने विरघळतात, आणि त्या वाढलेल्या अवकाशात पाणी धरून राहते. एरवी आच लागताच तंतू आवळले जाऊन आपले पाणी पिळून बाहेर टाकतात. मीठ मुरलेल्या मांसात ती आवळण्याची क्रिया मंदावते. म्हणून खारात राहिलेल्या पक्ष्याचे वजन भट्टीत जाण्यापूर्वी थोडे वाढलेले असते, आणि भाजताना घटते तेही तुलनेने कमी. मटणाला मीठ, हळद आणि आले-लसणाचे वाटण चोळून ते तासभर झाकून ठेवण्याचा आमच्याकडील शिरस्ता याच तत्त्वावर उभा आहे. फक्त आमचे तुकडे लहान असल्यामुळे जे काम तासाभरात होते, त्यास या महाकाय पक्ष्याच्या बाबतीत अर्धा दिवस द्यावा लागतो.

प्रमाणाविषयी पुस्तिकेत पुष्कळ विवेचन आहे, आणि त्यातील एक सूचना मी मुद्दाम अधोरेखित करतो: मीठ वाटीने मापू नये, तराजूने तोलावे. जाडे मीठ आणि बारीक मीठ यांची एकेक वाटी तोलून पाहिल्यास वजनात दुपटीपर्यंत अंतर पडू शकते, आणि पक्षी खारट होण्याच्या बहुतेक तक्रारी येथेच उगम पावतात. सहा लिटर पाण्यास तीनशे ग्रॅम मीठ, आवडत असल्यास त्याच्या निम्मी साखर, दहा-बारा मिरे, दोन-तीन तमालपत्रे. मीठ थोड्या गरम पाण्यात विरघळवून उरलेले पाणी थंडगार घालावे, आणि खार पूर्ण निवल्याशिवाय पक्षी त्यात सोडू नये. मिरे व तमालपत्र यांचा सुवास पृष्ठभागापुरता राहतो, आत खोलवर जाते ते मीठच. म्हणून मसाल्यांची गर्दी करण्यात अर्थ नाही. फळाच्या सालीचा गंध हवा असेल तर भाजतेवेळी पोटाच्या पोकळीत दोन फाका ठेवाव्यात. भौगोलिक मानांकन लाभलेली आमच्या जालन्याची मोसंबी या कामी उत्तम ठरली असती. पुतणी तिकडे मिळणाऱ्या संत्र्यांवर भागवते.

पक्षी खारात असेतोवर चार अंश किंवा त्याहून कमी तापमानात राहिला पाहिजे. शीतकपाटात एवढे भांडे मावत नसेल, तर मोठ्या थंडपेटीत खार, पक्षी आणि बर्फाच्या बंद पिशव्या ठेवून अधूनमधून तापमान पाहावे. खार एकदा वापरला की ओतून द्यावा. आणि कच्चा पक्षी नळाखाली धुवू नये. ही शेवटची गोष्ट आमच्या घरांतील सवयीच्या अगदी उलट आहे, कारण मटण दोन पाण्यांनी धुतल्याशिवाय पातेल्यात टाकणे आम्हांस अस्वच्छ वाटते. परंतु धुताना उडणारे तुषार ओट्यावर आणि शेजारच्या भाज्यांवर जंतू पसरवितात, आणि ज्या आचेने पक्षी शिजतो तीच आच जंतूही मारते. खारातून काढल्यावर तो स्वच्छ कागदाने टिपून कोरडा करावा आणि रात्रभर उघडाच शीतकपाटात ठेवावा, म्हणजे कातडी कोरडी होऊन भट्टीत खरपूस होते.

सिलिअकग्रस्ताच्या घरी पक्षी विकत घेतानाच सावध राहावे लागते. तिकडील कित्येक पक्ष्यांत कारखान्यातच मिठाचे पाणी टोचून भरलेले असते व वेष्टनावर तसा उल्लेख असतो; असा पक्षी पुन्हा खारात घातल्यास खारट होणार, हे उघड आहे. त्याच्या पोटात कधी रश्शाच्या तयार मसाल्याची पुडी ठेवलेली असते, तीत गव्हाचे पीठ असू शकते. खार चमचमीत करण्यासाठी कोणी सोया सॉस सुचवील, तर तोही बहुधा गव्हासह आंबविलेला असतो. मांसात मुळात गहू नाही. तो येतो तो या आडवाटांनी.

या विकाराचे कारण गहू आहे, हे वैद्यकास उमगले त्याची हकीकत हृदय हेलावणारी आहे. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञास गव्हाचा संशय पूर्वीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन अंमलाखालील हॉलंडमध्ये उपासमार होऊन पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर मुले खंगत असता सिलिअकची मुले सुधारू लागली, आणि पाव पुन्हा आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. ग्लुटेनमुळे अशा रोग्याच्या लहान आतड्यातील अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर त्याच्याच शरीराच्या संरक्षक यंत्रणेच्या हातून झिजतात. गहू, जव आणि राय आजन्म वर्ज्य करणे हाच त्यावर उपाय. आपल्या देशात गहू हे नित्याचे अन्न असलेल्या उत्तरेकडील प्रांतांत हा विकार दक्षिणेपेक्षा अधिक आढळतो. ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या आमच्या मराठवाड्यात असा एखादा जीव पूर्वी जन्मला असेल, तर वर्षातील बहुतेक दिवस त्याच्या ताटात भाकरीच येत असल्याने त्याचा रोग कोणास कळलाही नसेल, असे मला वाटते.

परंतु सणाच्या दिवशी काय? येथेच मर्म आहे. आमच्याकडे गहू हे सणाचे धान्य. पुरणाची पोळी गव्हाची, आणि राजुरात गणपतीपुढे ठेवावयाचे तळणीचे मोदकही कणकेचेच. म्हणजे वर्षभर निर्धास्तपणे भाकरी खाणारे मूल नेमके सर्वांनी गोड खावयाच्या दिवशी पंगतीत वेगळे पडते. आणि अमेरिकेत पावाच्या सारणाने व मैद्याच्या रश्शाने भरलेल्या मेजावर त्याची हीच अवस्था होते. पुतणी गेल्या वेळी गणपतीला आली, तेव्हा तिने मुलासाठी तांदळाच्या पिठीचे उकडीचे मोदक केले, आणि ते सगळ्या घराने खाल्ले. एकट्याचे पथ्य वेगळ्या वाटीत न वाढता सगळ्या पंगतीचे पथ्य करून टाकावे, हे तिचे धोरण मला मनापासून पटते, आणि पुस्तिकेची सगळी रचना त्यावर झालेली आहे.

ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणूनच तिचे पीठ लाटता येत नाही, थापावे लागते. गरम पाण्यात नीट मळले नाही तर भाकरीच्या कडा चिरतात. ज्वारीशी आमच्या जिल्ह्याचा संबंध दुहेरी आहे. एकीकडे दगडी ज्वारी हे येथील जुने वाण, ज्यास अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडे बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि त्याच सुमारास देशात संकरित ज्वारीचे युग सुरू झाले. बारवाले यांना 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार लाभला. अशा जिल्ह्यातील माणसास ज्वारीविषयी अभिमान असावा हे स्वाभाविक आहे. तथापि केवळ ज्वारी म्हणजे निर्धोक, असे समजणे घातक ठरेल.

कारण गिरणी. आमच्या गावच्या काय, कोणत्याही गावच्या गिरणीत गव्हाचे दळण उतरले की त्याच दगडांत पुढच्या गिऱ्हाइकाची ज्वारी पडते. टाकी लावलेल्या दगडाच्या खाचांत, पीठ उतरते त्या कापडी नळीच्या चुण्यांत, डब्याच्या काठाशी गव्हाचे पीठ राहून जाते. पहिली पसाभर ज्वारी बाजूस काढली तरी ते सर्वस्वी जात नाही. आपल्या देशाचे व अमेरिकेचे, दोन्हीकडील नियम ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या अन्नात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालवून घेत नाहीत. हिशेब केला तर किलोभर ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ चिमूटभर मिसळले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून ज्या घरी असे मूल आहे तेथे धान्य स्वतः निवडून, केवळ त्यासाठीच राखलेल्या घरघंटीवर किंवा जात्यावर दळावे. फोडणीच्या हिंगाकडेही कोणाचे लक्ष जात नाही. बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळण्याचा व्यापारी दस्तूर आहे, आणि वरणाच्या एका फोडणीने सगळ्या दक्षतेवर पाणी पडते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो; डबीवरचा मजकूर वाचून तोच घ्यावा.

पक्ष्यासोबतच्या पदार्थांत दोन जागा गव्हाने व्यापलेल्या असतात. पहिली सारणाची. तेथे शिळ्या ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा, कांदा, लसूण, शेंगदाण्याचे कूट आणि कोथिंबीर असे मिश्रण पुस्तिकेत सुचविले आहे. ते पक्ष्याच्या पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजावे, कारण पोटातील सारण 74 अंशांपर्यंत पोहोचेपर्यंत छाती पुन्हा कोरडी पडते आणि खाराचे सारे श्रम वाया जातात. दुसरी जागा दाट रश्शाची. भाजताना तळाशी साचलेला रस गाळून उकळावा आणि थंड पाण्यात गुठळी न राहता कालवलेले ज्वारीचे पीठ, आंबिलीस लावतो तसे, धार धरून ढवळत घालावे. आधी चाखल्याशिवाय या रश्शात मीठ मुळीच घालू नये. खारातल्या पक्ष्याचा रस मुळातच खारट असतो.

गोठलेला पक्षी शीतकपाटात वितळण्यास दर दोन किलोंस सुमारे एक दिवस लागतो, त्यामुळे गुरुवारच्या जेवणाची सुरुवात रविवारी करावी लागते: बुधवारी सकाळी खार, त्या रात्री उघडा ठेवणे, गुरुवारी भट्टी, आणि कापण्यापूर्वी अर्धा तास विसावा. पुस्तिकेचे पहिले प्रकरण त्याच रविवारपासून आरंभते. ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनी ही प्रस्तावना बाजूस ठेवून तेथून वाचावयास घ्यावे, आणि मीठ तोलण्यासाठी तराजू आधीच आणून ठेवावा.

राजूर, ता. भोकरदन, जि. जालना